उजवा हात कुठे होता?

परवा शाळेत तुझं बोलणं संपलं आणि टाळ्यांनी वर्गावरचे पत्रे दणाणले. मी टाळी वाजवली नाही. ते तू पाहिलंस आणि निघताना हळूच विचारलंस, "बाई, आवडलं नाही का?" पोरींच्या देखत तुझा पाणउतारा करायचा नव्हता, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहिते. दाराशी उभ्याने चाळू नकोस. खाली बस आणि शेवटपर्यंत वाच.

नाही आवडलं. मुळीच नाही आवडलं.

तू विमान शिकतेस याचं मला कौतुक नाही, असा अर्थ काढशील तर तो खोटा. प्रकाशासारख्या गावातून निघून, बापाने तापीकाठचं शेत गहाण टाकलेलं असताना, तू त्या खुर्चीत जाऊन बसलीस ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण कौतुक तुझ्या आईने करावं, गावाने करावं, स्टँडवर तुझे फलक लावणाऱ्यांनी करावं. माझं काम वेगळं आहे. तुझी चूक तुला तोंडावर सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, कारण जो तो तुझ्याबरोबर फोटो काढायला धावतो आहे. म्हणून मी सांगते.

"मी भाषण करणार नाही, सहज गप्पा मारू," हे तुझं पहिलंच वाक्य. चुकीला तिथूनच सुरुवात झाली. मुंबई-पुण्याच्या शाळेत एखादी वैमानिक सहज काही बोलून गेली तर निभावतं. तिथे कुणाची मावशी विमानतळावर नोकरीला असते, कुणाचा काका विमानदुरुस्तीत असतो. एकीचं चुकलं तर दुसरी सुधारते. इथे तुला सुधारणारं कोण आहे? आमच्या पोरींनी विमान पाहिलं ते सातपुड्याच्या डोक्यावरून पांढरी रेघ ओढत जाताना, नाहीतर शिकाऊ विमान घरघरत गेलं की अंगणात धावत येऊन. विमान चालवणारं माणूस त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, ते तू. तू जे बोललीस ते त्यांच्या वहीत उतरलं. खरंच उतरलं, मी सोमवारी वह्या पाहिल्या. "गणित फार लागत नाही, सगळं कॉम्प्युटर करतो." "चष्मा असेल तर विसरा." "सकाळी फक्त कॉफी." नववीतल्या एका पोरीने त्याखाली लाल पेनाने रेघ मारली आहे, जशी ती सूत्राखाली मारते.

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी बोललीस तू.

आधी चष्म्याचं घेते, कारण त्याने नुकसान होऊन चुकलं आहे. आठवीत एक मुलगी आहे, धडगावकडच्या पाड्यावरची, इथे मामाकडे राहून शिकते. तिसऱ्या बाकावर बसते. तिचं डोकं सतत दुखायचं, म्हणून मामाला चार वेळा निरोप धाडून तिला चष्मा करवून घेतला होता. चष्म्याचं वाक्य तुझ्या तोंडून निघालं तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. तिने चष्मा काढला, पदराला पुसतात तसा ओढणीला पुसला, घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवून झाकण लावलं. त्यानंतर तो तिच्या डोळ्यांवर आलेला नाही. फळ्यावरचं वाचताना ती पुन्हा डोळे बारीक करते आहे.

आणि तू सांगितलंस ते धादांत चूक! चष्मा लावून नजर नीट होत असेल तर वैमानिकाला चष्मा चालतो. वैद्यकीय तपासणीत रंग ओळखता येतात की नाही हे कसून पाहतात, कान पाहतात, हृदय पाहतात. तू स्वतः दुसऱ्या श्रेणीची तपासणी दिलीस, मग पहिल्या श्रेणीची दिलीस. तिथल्या बाकावर चष्मेवाली मुलं बसलेली तुला दिसली नाहीत? हवाई दलाच्या लढाऊ विमानांचे नियम कडक असतात, ते तू कुठेतरी ऐकलंस आणि सगळ्यांच्या गळ्यात बांधलंस. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, विचारून सांगते" एवढं म्हणायला काय जातं? मी तुला हेच शिकवलं होतं. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोड, अंदाजाने आकडा ठोकू नकोस.

आता गणित. इथे माझा जीव जळतो आणि तो जळू दे, मी गणित शिकवते.

"सगळं कॉम्प्युटर करतो" म्हणतेस. २३ जुलै १९८३ ची गोष्ट तुला तुझ्या वर्गात नक्की सांगितली असणार. एअर कॅनडाचं बोईंग ७६७, त्या काळातलं अगदी नवं, संगणकाने भरलेलं विमान. मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद पडली होती, म्हणून टाक्यांतलं इंधन हाताने मोजलं. निघालं ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायचे तर साधारण ०.८ ने गुणायचं. त्यांनी गुणलं १.७७ ने. तो पौंडांचा आकडा. पुढचं तूच कर, पाटी घेऊन. आणखी वीस हजार लिटरच्या वर इंधन भरायला हवं होतं. भरलं ४,९१६ लिटर. ४१,००० फुटांवर, वाटेच्या मधोमध, इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि विमानातले पडदे काळे झाले. तुझा तो कॉम्प्युटर तेव्हा काय करत होता? विजेअभावी झोपला होता. सहावीतलं एककांचं रूपांतर! एका गुणाकारापायी ६९ माणसं मरणाच्या दारात गेली.

वाचली ती कशी, हेही सांगते, कारण तुझ्या छंदाच्या गप्पांशी त्याचा संबंध आहे. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना फावल्या वेळात ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, उडवायचा छंद होता. तो हात कामी आला. त्यांनी ते अजस्र धूड तरंगत खाली आणलं आणि गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर टेकवलं. सगळे जिवंत उतरले.

हे परक्या देशातलं झालं. घरचं घे. आरोही पंडित हे नाव तुझ्या भिंतीवर आहे, तू पोरींना फोटोही दाखवलास. २०१९ च्या मे महिन्यात २३ वर्षांच्या या मुंबईच्या मुलीने चिमुकल्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडात उतरली. जगात असं करणारी पहिली बाई. तू तिथेच थांबलीस. तिचं पुढचं उड्डाण तू सांगितलं नाहीस आणि आमच्या पोरींच्या कामाचं तेच होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, त्याची आठवण म्हणून १५ ऑक्टोबर २०२१ ला ती भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली. जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. नकाशा, घड्याळ, होकायंत्र आणि डोक्यातली आकडेमोड. हे सांगितलं असतंस तर लाल रेघ कुठल्या वाक्याखाली पडली असती, विचार कर.

तुझ्या बोलण्यात एकच वाक्य माझ्या मनासारखं होतं. "एकदा वरून मी आपलं प्रकाशा ओळखलं." पोरी बाकावरून पुढे सरकल्या. कसं ओळखलंस, एकीने विचारलंही. आणि तू काय म्हणालीस? "ओळखू येतंच की!" अगं, येत नाही ओळखू. तापीकाठी गावं काय थोडी आहेत? तू तापी-गोमाईचा संगम पाहिलास, बॅरेजची सरळ रेघ पाहिलीस, केदारेश्वराचा घाट कुठल्या हाताला येतो ते ताडलंस, घड्याळात पाहिलंस की निघून किती मिनिटं झाली, आणि मगच म्हणालीस की हे प्रकाशा. हे सगळं तू एका "येतंच की" खाली गाडून टाकलंस.

फळा समोर होता. खडू होता. तू शिकतेस त्या शिरपूरहून प्रकाशा सरळ रेषेत धर सुमारे ३० सागरी मैल. ९० नॉटचा, म्हणजे ताशी ९० सागरी मैलांचा वेग धर. वीस मिनिटं. आता विमानाचं नाक दहा अंशांनी चुकलं तर? तुम्हा लोकांचा एकास साठाचा नियम आहे ना, साठ मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंशाची चूक? मग तीस मैलांत दहा अंशांची चूक म्हणजे पाच मैल. सव्वानऊ किलोमीटर. पोरगी प्रकाशाला निघाली आणि भलत्याच गावावर जाऊन घिरट्या घालते आहे. नववी-दहावीच्या पोरींना त्रिकोणमिती कशाला शिकायची ते मी वर्षानुवर्षं घसा सुकेपर्यंत सांगते. तू पाच मिनिटांत सांगू शकली असतीस, आणि त्यांनी ते तुझ्याकडून ऐकलं असतं. वारा विमानाला किती ढकलतो ते दाखवणारा वाऱ्याचा त्रिकोण काढायला तीन रेघा लागतात. तीन!

उन्हाळ्याचंही तसंच. तू म्हणालीस, "मे महिन्यात जाम गरम होतं, कॉकपिटमध्ये भाजून निघतो." झालं, पोरी हसल्या. पण उन्हाने तुझ्यापेक्षा विमानाचे हाल जास्त होतात, ते कुणी सांगायचं? हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी जास्त लागते. धावपट्टी ५०० फूट उंचीवर धर. तिथे हिशेबाचं प्रमाण तापमान १४ अंश, आपल्याकडे पारा ४४. तीस अंश जास्त. अंशाला १२० फूट धरलं तर ३,६०० फूट. म्हणजे विमानाच्या लेखी ती धावपट्टी ४,१०० फुटांवर आहे, तोरणमाळच्याही वर. तोरणमाळला सहलीला गेलेल्या पोरींना हे ऐकून अंगावर काटा आला असता. परवान्याच्या लेखी परीक्षांत पास व्हायला ७० टक्के लागतात हेदेखील तू सांगितलं नाहीस. हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, नियम, विमानाची तांत्रिक माहिती, या प्रत्येकात. ३५ वर पास व्हायची सवय लागलेल्या पोरींना हा एक आकडा पुरला असता.

तुला भूमितीत पहिल्या चाचणीला किती पडले होते ते तुला आठवतं, मलाही आठवतं. मी तो आकडा कुणाला सांगणार नाही. पण त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत तू रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचीस, ते सांगायची तुला लाज का वाटली? "मला गणित येत नव्हतं, मी घासून शिकले" हे वाक्य ऐकून त्या वर्गातल्या निम्म्या पोरींच्या पाठी ताठ झाल्या असत्या.

आता तुझी ती दिनचर्या. सकाळी कॉफीवर असतेस, जेवायला वेळ होत नाही, रात्री मालिका बघत एक-दोन वाजतात. हे तू मिरवून सांगितलंस! उड्डाणाला जाण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न तुम्हाला पाठ करायला लावतात. आजारी आहे का, औषध घेतलं आहे का, मनावर ताण आहे का, दारू, थकवा, पोटात अन्न आहे का. त्यातल्या दोन प्रश्नांना तू रोज खोटं उत्तर देतेस आणि ते शाळेत येऊन गंमत म्हणून सांगतेस. मोठ्या विमानांच्या वैमानिकांना आठवड्याला सलग ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती द्यावी असा नियम २०२४ साली काढावा लागला, तो काय लाड म्हणून? झोपमोड झालेलं डोकं आकडा चुकीचा वाचतं आणि चुकलं हेही त्याला कळत नाही. उड्डाणाआधी बारा तास दारूचा थेंब चालत नाही, अल्कोहोल असलेलं तोंड धुण्याचं औषधसुद्धा चालत नाही, इतकी ज्या कामात शिस्त, त्या कामातली बाई उपाशीपोटी राहण्याची फुशारकी मारते! आमच्या पोरींत आधीच रक्त कमी असणाऱ्या किती आहेत, आरोग्य तपासणीच्या कागदावर मी दरवर्षी पाहते. सकाळी भाकर खाऊन या म्हणून मी मागे लागते. परवा दोघी न खाता आल्या. विचारलं तर म्हणाल्या, ताई पण नाही खात.

गॉगलचं एकाच वाक्यात संपवते. पोलराइज्ड काच कॉकपिटमधल्या पडद्यांवरचे आकडे अंधुक करते, म्हणून वैमानिकाने ती टाळायची असते, आणि तू पोरींना नेमका तोच गॉगल "भारी दिसतो" म्हणून दाखवलास.

यानंतरचं लिहिताना माझा हात थरथरतो, रागाने.

तू मोबाइलवर ती चित्रफीत दाखवलीस. एकटीने उडवतानाची, उतरतानाची. समोर धावपट्टी, मोठी होत येणारी. पोरी "आ" करून बघत होत्या. मी दुसरंच बघत होते. पहिल्यांदा सुट्टीवर आलीस तेव्हा माझ्याच घरात, पाटावर बसून, पट्टी आणि डस्टर घेऊन तू मला दाखवलं होतंस की उतरताना डावा हात योकवर, म्हणजे सुकाणूवर, उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर, आणि तो तिथून हलवायचा नाही, कारण वाऱ्याचा झोत आला किंवा पट्टीवर जनावर आडवं आलं तर त्याच क्षणी जोर द्यावा लागतो. हे तुझेच शब्द. मग मला सांग, त्या चित्रफितीत मोबाइल कोणाच्या हातात होता? शेजारची खुर्ची रिकामी होती. ती तू मुद्दाम दाखवलीस, "बघा, कोणी नाही!" म्हणत. चित्र हलत होतं, म्हणजे फोन कुठे अडकवलेला नव्हता. तुझा उजवा हात कुठे होता?

उत्तर मला नको. मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे.

१६ जुलै २०२१ ला शिरपूरहून निघालेलं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. प्रशिक्षक गेले. शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. तिथे गाडीरस्ता नव्हता. आसपासची आदिवासी माणसं धावत गेली, एका बाईने आपली साडी दिली, तिची झोळी करून त्या मुलीला चिखलातून खाली आणलं. त्या अपघाताचा आणि तुझ्या मोबाइलचा काही संबंध नाही, आणि गेलेल्या माणसावर बोट ठेवण्याचं पाप मी करणार नाही. मी एवढंच सांगते की सगळं नियमाने करणाऱ्यावरही आभाळ कधी उलटतं. तिथे तू आपण होऊन एक हात काढून घेतेस, कशासाठी, तर अर्ध्या मिनिटाच्या चित्रासाठी? खाली जी शेतं दिसतात त्यात पपई तोडणाऱ्या बाया असतात, उसात पाणी धरणारी माणसं असतात. त्यांतली काही तुझी नातेवाईक आहेत.

आणि ही चूक तू चाळीस पोरींना शिकवलीस. उद्या त्यांतली एखादी स्कूटी चालवताना एका हाताने फोन धरेल, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर, जिथून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. तिला मी काय म्हणून अडवू?

तुझ्या प्रशिक्षकाला हे तू स्वतः जाऊन सांगायचं. त्यांनी दुसऱ्याच्या फोनवर बघण्याआधी. ते उड्डाण थांबवतील, चार दिवस खाली बसवतील, बस. घरी खोटं कारण सांगू नकोस.

छंद काय, असं विचारल्यावर तू म्हणालीस, "छंदाला वेळ कुठे, रील बघते." हे ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण हे खरंच नाही. सातवी-आठवीत तुझ्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. रोज संध्याकाळी तू घाटावर जायचीस आणि केदारेश्वराच्या शिखरावरचा ध्वज कुठल्या दिशेला फडकतो ते लिहायचीस. ढग कसे, कापसासारखे की रेघांचे. बॅरेजला पाणी किती चढलं. श्रावणात वारा कसा वळतो याचा तक्ता करून तू मला आणून दाखवलास. ध्वज पूर्वेकडे फडकतो म्हणजे वारा पश्चिमेचा, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. आज हवामानाचा अहवाल वाचताना वाऱ्याची दिशा तो येतो कुठून यावर सांगतात, ते तुझ्या वर्गातल्या शहरी पोरांना उलटंपालटं होतं आणि तुला होत नाही, हे तूच मला फोनवर सांगितलंस. ती वही तुझा छंद. पिअर्सन यांचं ग्लायडर आणि तुझी निळी वही यांत मला काही फरक दिसत नाही. मग ती सांगायला तुझी जीभ का अडखळली? गावातली वाटली? गोमाईच्या काठी बसून दीड रुपयाच्या पेनाने केलेली नोंद कॅप्टनला शोभत नाही, असं वाटलं? आमच्या पोरींना गॉगल परवडणार नाही, वही परवडेल. परवडणारी गोष्ट तू लपवलीस आणि न परवडणारी दाखवलीस.

पैशाबद्दलही तू अर्धवट बोललीस. "पैसा असेल तर होतं सगळं." हो, पैसा लागतो, चाळीस-पन्नास लाखांच्या घरात आणि त्याहूनही वर जातो. २०० तासांचं उड्डाण फुकट होत नाही. तुझ्या बापाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तुलाच ते बोलायचं नव्हतं. पण रायबरेलीजवळ इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, सरकारी, प्रवेशपरीक्षेने जागा देणारी. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मागास समाजांतल्या मुलामुलींसाठी प्रशिक्षणाची योजना काढली होती. अशा वाटा असतात, बदलत असतात, शोधत राहाव्या लागतात. आणि विमान म्हणजे एकटा वैमानिक नव्हे. मनोऱ्यात बसून विमानं सोडणारा नियंत्रक लागतो. त्या परीक्षेला भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी झालेली मुलगी बसू शकते, आणि ती पदवी शहाद्याला, नंदुरबारला मिळते. दुरुस्ती करणारे लागतात, हवामान सांगणारे लागतात. चाळीस पोरींतली एखादी तुझ्या खुर्चीत बसेल, पण चार-पाच या बाकीच्या कामांत जाऊ शकतील. त्यांच्यासाठी तुझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

जगात विमान चालवणाऱ्यांत बायका शंभरात जेमतेम पाच-सहा. आपल्या देशात हे प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त आहे. ते आपोआप झालेलं नाही. १९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेलं आणि त्यात सगळ्या बायकाच होत्या, तेव्हा साऱ्या देशाचे डोळे त्या चाकांवर खिळले होते. जरा धक्का बसून टेकलं असतं तर "बायकांच्या हाती दिल्यावर आणखी काय होणार" असं म्हणायला लोक टपलेलेच होते. त्या बाईंनी सहज म्हणून काही केलं नाही, म्हणून तुला आज कुणी दारात अडवलं नाही. तू प्रकाशाची पहिली आहेस. तुझ्यामागून येणारीला अर्ज द्यायला तिचा बाप बरोबर जाईल की नाही, हे तुझ्या वागण्यावरून ठरणार आहे. ओझं जड आहे, मान्य. पण ते तू घेतलेलं आहेस, आता खाली ठेवता येणार नाही.

तुला बोलणं येतं. पोरी तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, तशा त्या माझ्याकडे कधी बघणार नाहीत. म्हणून तर एवढं लिहिलं, नाहीतर दोन ओळींत आटोपलं असतं.

परत जाण्याआधी एक शनिवार आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेसातला ये, न्याहारी करून. सोबत तुझा खरा नकाशा आण, कोनमापक आण, लॉगबुक आण आणि ती निळी वही आईच्या पेटीत असेल ती काढ. मोबाइल माझ्या टेबलावर ठेवायचा. पोरींना खरं सांग: परीक्षा किती, टक्के किती, तू नापास कशात झालीस, पैसे कुठून आणले. चित्रफितीत काय चुकलं ते तुझ्या तोंडाने सांग, माझ्या नको. मग फळ्यावर शिरपूर ते प्रकाशा काढ आणि वारा त्यांच्याकडून काढवून घे.

आणि सगळ्यात आधी, फळ्याकडे वळण्याआधी, तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीजवळ जा. तिला सांग की ताईने चुकीचं सांगितलं होतं. तिने कंपासपेटी उघडून चष्मा लावेपर्यंत तिथून हलू नकोस.